डबल बेल

गुरुलिंगअप्पा एस.टी.त कंडक्टर होते, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी होतेच. जेवायला बसले की आधी सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवायचे, कोणी राहिलं तर नाही ना म्हणून. लिफ्टमध्ये शिरले की अनोळखी माणसालासुद्धा ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणायचे. सूनबाई वर्षाराणी हसायची, मुलगा मल्लेश लाजायचा. अप्पांना त्याचं काही नव्हतं. सगळी नोकरी निलंगा डेपोत गेली, ती सवय अशी अंगातून उतरते होय?

बायको, महादेवी, गेली आणि निलंग्याच्या घराला कुलूप लागलं. मल्लेशनं त्यांना लातूरला आणलं. फ्लॅट चांगला, हवा खेळती, नळाला पाणी. सगळं होतं, पण बोलायला माणूस नव्हतं. मल्लेश सकाळीच औशाच्या बँकेत जायचा. निलंग्यात दारात खुर्ची टाकून बसलं की येणारा-जाणारा थांबायचा. इथं दार उघडं ठेवलं तर समोरच्या फ्लॅटवाली विचारायची, ‘काका, काही पाहिजे का?’ काय सांगणार तिला काय पाहिजे ते?

अप्पांना वाचवलं ते नातीनं. रुद्राणी तिचं नाव, पण अप्पांच्या तोंडी ‘अव्वा’, म्हणजे आई. रांगायला लागल्यापासून दोघांचा एक खेळ होता. अप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं दोनदा वाजवायचे, टण् टण्. डबल बेल! की रुद्राणी सुटलीच, फरशीवरून थेट स्वयंपाकघराकडं. मग एकदाच, टण्. की जागच्या जागी ब्रेक. मान वळवून अप्पांकडं बघायची आणि होते नव्हते तेवढे दात दाखवून हसायची. पुन्हा डबल बेल. असं सकाळपासून दुपारपर्यंत.

‘अहो अप्पा, पेल्याला पोचे पडले बघा,’ वर्षाराणी म्हणायची.

‘पडू दे की. गाडी टायमावर हाय ना!’

वर्षाराणीची रजा संपत आली तेव्हा बाळाला सांभाळणार कोण, हा प्रश्न अप्पांच्या मनात कधी आलाच नाही. ते होते की! आणि नेमकी तेव्हाच त्यांना चक्कर आली. गॅसवरून दूध उतरवत होते, हातातलं पातेलं गेलं आणि अप्पा ओट्याला धरून खाली बसले. बाळ पलीकडच्या खोलीत झोपलेलं होतं, कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून नवरा-बायको हळू आवाजात बोलायला लागली. मग एकदा जेवताना मल्लेश म्हणाला, ‘अप्पा, मागच्या गल्लीत उज्वलाताईंचं पाळणाघर आहे. दिवसभर तिथं ठेवू रुद्राणीला. तुमच्यावर भार नको.’

भार! अप्पांच्या जिव्हारी लागला तो शब्द. पण पोरगा चुकीचं बोलत नव्हता, आणि तेच जास्त लागलं. रागवावं तरी कोणावर?

उज्वलाताईंची एक रीत होती. बाळाला टाकून एकदम पळायचं नाही. आधी घरच्या माणसानं बाळापाशी बसायचं, मग दाराशी, मग बाहेर व्हरांड्यात, आणि बाळ रुळलं की घरी जायचं. वर्षाराणीला क्लासेसमध्ये शिकवायला जायचं होतं, मल्लेशला रजा नव्हती. बसायचं काम अप्पांकडं आलं.

‘ती रुळली की तुम्ही मोकळे,’ मल्लेश म्हणाला.

अप्पा तिथं पहिल्याच दिवशी खूश झाले. सतरंजीवर मांडी घालून बसले, तर पोरं भोवती जमा. एक चष्मा ओढतंय, एक धोतराचं टोक चघळतंय, एक मांडीवरच झोपून गेलं. रुद्राणीच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची इवली चांदीची डबी तेवढी उज्वलाताईंनी उतरवायला लावली. पोरं दोरा ओढतात म्हणे. अप्पांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. दिवसभर पोरांच्या गलक्यात बसून संध्याकाळी घरी आले, तर कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

पण नात कोणाची! चार दिवसांत रुळली. अप्पा दाराशी सरकले, तिनं एकदा बघितलं आणि खुळखुळ्याकडं वळली. व्हरांड्यात गेले, तिला पत्ताही नाही. उज्वलाताई कौतुकानं म्हणाल्या, ‘लई शहाणी हाय हो पोरगी. अप्पा, उद्यापासून तुम्ही घरी जा खुशाल. लागलं तर फोन करते.’

दुसऱ्या दिवशी अप्पा घरी गेले. कुलूप उघडलं. फ्रिज तेवढा घुरघुरत होता. टी.व्ही. लावला, बंद केला. भाकरी खाल्ली, ताट धुतलं. दुपार सरता सरेना, म्हणून बसस्टँडवर जाऊन बसले. निलंगा गाडी लागली. कंडक्टर नवीन पोरगा, हातात तिकिटाचं मशीन. त्यानं विचारलं, ‘काका, येणार का?’ अप्पा म्हणाले, ‘न्हाई, बसून राहिलो नुसता.’ त्यानं डबल बेल दिली, गाडी गेली. अप्पांना एवढं एकटं वाटलं की तिथंच रडू येतं की काय असं झालं. महादेवी गेली तेव्हा घर भरलेलं होतं, रडायला माणसं होती. हे रडणं कोणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रुद्राणीला सोडलं. ती हसत आत गेली. अप्पा बाहेर आले, पायात चपला घातल्या, हातात घराची किल्ली. आणि का कोण जाणे, ती किल्ली त्यांनी पाळणाघराच्या लोखंडी जाळीच्या दारावर आपटली. एकदाच.

टण्.

रुद्राणी जागच्या जागी थांबली. मान वळवली. अप्पा दिसले, पण दाराच्या पलीकडं, चपला घातलेले. तिनं दोन्ही हात पसरले आणि असा टाहो फोडला की उज्वलाताई धावत आल्या.

‘अगं बाई, काय झालं हिला? कालपर्यंत तर बरी होती. अप्पा, बसता का जरा?’

‘बसतो की,’ अप्पा म्हणाले, आणि चपला काढल्या.

आता पहिल्या दिवशी ती किल्ली चुकून वाजली असं म्हणू या. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? माणूस वाईट नव्हता हो. आयुष्यात कोणा पासिंजरला वाटेत उतरवलं नाही त्यानं. पण रोज सकाळी घरून निघताना मनाशी ठरवायचे, आज वाजवायचं नाही, आणि त्या जाळीच्या दाराशी आले की पुढं तो रिकामा फ्लॅट दिसायचा. हात आपोआप वर जायचा. टण्. पोर रडायची, अप्पा आत जाऊन बसायचे, तिला छातीशी धरून ‘हाय, हाय, हितंच हाय मी’ म्हणायचे. तिचे डोळे पुसायचे आणि मनातून सुखावायचे. स्वतःची लाजही वाटायची. दोन्ही एकाच वेळी.

रुद्राणीचा आवाज बसला. तिथं खाईना. घरीही खेळता खेळता दचकून दाराकडं बघायला लागली. आणि एका संध्याकाळी मल्लेश लवकर घरी आला, वर्षाराणीही आली, आणि दोघं अप्पांसमोर बसली. वर्षाराणीचे डोळे लाल होते.

‘अप्पा, आमचं ठरलंय,’ मल्लेश म्हणाला. ‘पाळणाघर काही तिला मानवत नाही. रविवारी नांदेडची आजी येतेय. रुद्राणी राहील तिच्याकडं, शाळेत जायची होईपर्यंत. आम्ही जाऊन-येऊन करू.’

अप्पांनी मनात हिशेब केला. नांदेडला? म्हणजे संध्याकाळही नाही? रात्रीचं ते पायावर घेऊन झोपवणं नाही, सकाळचं पेल्यावरचं टण् टण् नाही?

‘तुम्ही लई केलं अप्पा,’ वर्षाराणी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. ‘रोज सकाळपासून तिथं बसून राहता, एका शब्दानं बोलत नाही. मलाच जमलं नाही आईपण. आपल्या लेकराला परक्यासारखं दुसऱ्या गावी ठेवायचं आणि दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायचं.’

अप्पांच्या मनात आलं, सांगावं का, पोरी, तुझं काही चुकलं नाही, ही माझी करणी आहे? तोंड उघडलं. पण मल्लेशकडं बघितलं आणि शब्द गिळले. ज्या मुलानं आपल्यावर भार पडू दिला नाही, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं!

‘उद्याचा दिस द्या मला,’ ते एवढंच म्हणाले. ‘रुळंल ती.’

‘इतक्या दिवसांत नाही रुळली, अप्पा.’

‘उद्या रुळंल म्हणतो ना! न्हाई रुळली तर मग न्या नांदेडला, मी हूं का चूं करणार न्हाई.’

सकाळी त्यांनी रुद्राणीला स्वतः अंघोळ घातली, टोपडं बांधलं. वाटेत तिच्याशी बोलत राहिले. ‘अव्वा, आज म्हातारं शहाण्यासारखं वागणार बघ.’ पाळणाघरात डबी खिशात टाकली, तिला सतरंजीवर ठेवलं आणि मागं न बघता बाहेर आले. किल्ली मुठीत घट्ट दाबून धरली. वाजवायची नाही म्हणजे नाही.

पण कशाचं काय! एवढ्या दिवसांत पोरीला धडाच मिळाला होता. ती खेळायला गेलीच नाही. रांगत दाराशी आली, जाळीला धरून उभी राहिली, आणि वाट बघायला लागली. बेल अजून वाजली नाही, म्हणजे वाजायची आहे. उज्वलाताईंनी बाहुली दाखवली, चेंडू दाखवला. तिची नजर दारावरून हलेना. खालचा ओठ थरथरायला लागला. अप्पा भिंतीआड उभं राहून बघत होते. त्यांना वाटलं, आपल्या हातांनी आपण लेकराला अधांतरी लटकावून ठेवलंय. थांबही नाही, जा पण नाही. थांबवलेली गाडी आपोआप कशी सुटेल? ज्यानं थांबवली त्यानंच सोडायला पाहिजे.

ते भिंतीआडून पुढं आले. रुद्राणीनं त्यांना बघितलं, हात वर झाले. एकदा वाजवलं असतं, तर दार उघडून तिला उचलून घेता आलं असतं. पोटाशी घ्यावंसं वाटलं त्यांना. अप्पांनी किल्ली जाळीवर ठेवली आणि दोनदा वाजवली.

टण् टण्.

पोर थबकली. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. अप्पांनी तोंड भरून हसून दाखवलं, कसं ते त्यांनाच माहीत. ‘चल, सोड गाडी!’ आणि रुद्राणी खुदकन हसली, धपकन खाली बसली आणि पाठ फिरवून सुटली, सतरंजी ओलांडून थेट पोरांच्या घोळक्यात. आता थांबवणारी बेल येणार म्हणून अर्ध्या वाटेत क्षणभर मंद झाली. आली नाही, तशी पुढं गेली.

अप्पा बाहेर उभे होते. उभ्या नोकरीत किती वेळा डबल बेल दिली असेल, त्याला गणती नाही. पण प्रत्येक वेळी ते गाडीत होते. बेल देणारा गाडीबरोबरच जायचा. ते आज पहिल्यांदा खाली राहिले.

दुपारी वर्षाराणीचा फोन आला, तिला हसू आवरत नव्हतं. ‘अप्पा, वरण-भात खाल्ला तिनं! आता झोपलीय. उज्वलाताई म्हणाल्या, एकदाही रडली नाही. मी आईला फोन केला, येऊ नको म्हणून. अप्पा, तुम्ही केलंत हे. आता तुम्ही खरंच मोकळे.’

‘हाव,’ अप्पा म्हणाले. ‘मोकळा झालो.’

फोन ठेवून त्यांनी चहा केला. पोचे पडलेल्या पेल्यात ओतला आणि भिंतीला टेकून बसले. खिशातली डबी हाताला लागली. संध्याकाळी आठवणीनं बांधायला पाहिजे. साखर ढवळून झाल्यावर चमचा हातात तसाच राहिला. समोर स्वयंपाकघरापर्यंत फरशी मोकळी पडलेली होती. अप्पांनी पेल्यावर एकदाच वाजवलं.

कोणी थांबलं नाही, कोणी वळून बघितलं नाही. मग चहा गार व्हायच्या आत त्यांनी पिऊन टाकला.