कचराबाईची तीन स्थळं

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत भुलाबाई बसते ती तळमजल्याच्या छपराखालच्या ओट्यावर, सुमतीताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर तिन्हीसांजेला पोरी जमतात, टिपऱ्या वाजतात, आणि सुमतीताई कढईतली भाजी हलवता हलवता खिडकीतूनच भुलाबाईच्या गाण्याची पुढची ओळ पुरवतात. यंदा मात्र सेक्रेटरी भैय्याजींनी त्याच ओट्यावर कचरा जाळायचं यंत्र बसवायचं ठरवलं. ओटा गेला की भुलाबाई गेली, अन् खिडकीत उरणार धूर.

यंत्र यायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावरच सभा भरली. भैय्याजींनी चष्मा पुसून सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. वेफर्सची पाकिटं, तुटक्या चपला, चिंध्या. जे कबाडीवाला घेत नाही अन् ज्याचं खतही होत नाही, त्याच्यासाठी वाटा तीन. एक, हे छोटं यंत्र. आच कमी, धूर थोडा होईल. दुसरं, प्लास्टिक तापवून तेल काढणारं. तिसरी वाट सिमेंटच्या कारखान्याची. तिथल्या भट्टीत कचऱ्याचं जळण होतं.

"मंग तिसरी काहून नाही?" सुमतीताईंनी विचारलं.

"ताई, त्यायची गाडी हप्त्यातून एकदा येते. आन माल सुका पायजे. आपल्याकडं बटन दाबलं का काम खतम!"

"काम खतम का आमचं नाक खतम?" मागून त्यांचीच बायको दिपाली म्हणाली. सगळे हसले.

सुमतीताई वाद घालत बसल्या नाहीत. एका पोरीच्या हातातल्या टिपऱ्या घेतल्या अन् ठेका धरला:

कचराबाई लग्नाची, स्थळं आली तीन,
पहिल्या नवऱ्याच्या घरी धूर रातदिन.
अर्धी जळे, अर्धी धुपे, चुलीचे ते हाल,
शेजारणीच्या डोळ्याले फुकटचं काजळ.

दुसरा मोठा नखऱ्याचा, प्लास्टिकच तो खाय,
चिंधी पाहून, चप्पल पाहून तोंड फिरवून जाय.

तिसऱ्याचं घर दूर लय, आच मोठी भारी,
राखसुद्धा फेकत नाही, सिमेंटात सारी!

पोरींनी शेवटची ओळ उचलून धरली. भैय्याजींचा पायही ठेक्यात हलायला लागला होता. पण ते वकील.

"गाणं झकास, ताई. पण गाडी येईस्तोवर पोरगी ठेवता कुठं? पाण्यापावसात सुकी राहील अशी जागा एकच. हाच ओटा!"

टिपऱ्या थांबल्या. ओटा वाचवता वाचवता आपणच तो देऊन बसलो, हे सुमतीताईंच्या चेहऱ्यावर उमटलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "भैय्याजी, लेक सासरी जाईस्तोवर कुठं राहते? मायबापाच्या घरी. ज्याची पोर, त्याच्या बाल्कनीत."

"म्हणजे माझ्या बी?"

"तुमच्या बी," दिपाली म्हणाली. "ती व्यायामाची सायकल हलवा. तसाही तिच्यावर टॉवेलच व्यायाम करून राहिला."

"आन डायपर?" कोणीतरी विचारलं.

"ते वेगळ्या पिशवीत. दवाखान्याच्या कचऱ्यासंगं मोठ्या भट्टीत जातात," भैय्याजी सवयीनं बोलून गेले. मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण कोणाच्या बाजूनं बोललो ते.

तिसऱ्या स्थळासाठी हात भराभर वर झाले. शेवटचा हात भैय्याजींचा. त्यांनी तिथूनच यंत्रवाल्याला फोन लावला.

"पियुष, उद्या येऊ नको गा... नाही, मशीनमंदी खराबी नाही." त्यांनी सुमतीताईंकडे पाहिलं अन् खांदे उडवले. "मुलीकडचे नाही म्हणून राहिले."