विचारायला जावई नेमला

कांगारूचं शेपूट भाजायला निखाऱ्यात पुरून दुल्सी उठायला गेली, तर चप्पल पायात शिरेना. काल शिरत होती. कुणी बघत नाही ना याची खात्री करून तिने झग्याचा घोळ घोट्यांवर ओढला आणि अनवाणीच दवाखान्यातल्या सभेला निघाली.

तिच्या थोरल्या बहिणीचे पाय असेच सुजले होते. मूत्रपिंडं गेली म्हणून तिला रक्त धुणाऱ्या यंत्रासाठी दूर शहरात नेलं. परत आली ती शवपेटीतून. असं दूर नेतील या धाकाने वस्तीतल्या बायका सूज झाकत.

दवाखान्याच्या ओसरीवर सभा भरली होती. प्राध्यापक हॉलोवे मूत्रपिंडाच्या रोगावरचं संशोधन घेऊन शहरातून आले होते. "या वेळी नेतृत्व तुमचंच!" ते हसून म्हणाले. "तुमच्यातलाच माणूस प्रमुख नेमलाय. तो घरोघर येऊन दुखण्याची माहिती विचारेल."

नेमलेला माणूस पुढे आला, तशी दुल्सी जागच्या जागी वळली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तो तिचा जावई होता. सासूने जावयाकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही इथली मान राखायची रीत. पोरगा गुणाचाच होता. पण बायकांच्या लघवीची चौकशी त्याने करायची? निम्म्या वस्तीतल्या बायका कुठल्या ना कुठल्या नात्याने त्याच्या सासवा लागत!

"या बाईंना रस दिसत नाही," हॉलोवे म्हणाले.

"रस?" दुल्सीची भाची लेनोरा फटकन बोलली. ती इथलीच नर्स, संशोधनाचं शिक्षण घेऊन आलेली. "साहेब, तुम्ही सासूसमोर जावई उभा केलात. आधी आम्हाला विचारायचं होतं."

"आता बदल होणार नाही. मान्य नसेल तर उद्या गाडी दुसऱ्या वस्तीकडे नेऊ."

दुल्सीने झगा आणखी खाली ओढला. गाडी गेली तर तिच्यासोबत आलेली मूत्रपिंडाची तपासणीही गेली. गप्प बसलं तर निदान झगा ओढून घरी जाता येईल. बहिणीनेही तेच केलं होतं.

"लेनोरा," ती भिंतीलाच म्हणाली. "यांना सांग, न्या म्हणावं गाडी! रक्त आमचं, दुखणं आमचं, मेली ती माणसं आमची, आणि प्रमुख यांनी निवडायचा? अगं, हा जावई निवडताना आम्ही म्हाताऱ्या वर्षभर भांडत होतो. यांनी एका फोनवर उचलला!"

मागे बसलेली म्हातारी जोआन फिस्सकन हसली.

जावयानेही पाठ फिरवली होती. तो हॉलोवेंना म्हणाला, "साहेब, मी बाजूला होतो. पुरुषांना मी विचारीन. प्रमुख कोण, ते या बायका ठरवतील." आणि मागच्या पायऱ्यांनी उतरून गेला.

आता दुल्सी वळली. "तुम्हीही जरा झाडाखाली बसा, साहेब. ठरलं की हाक मारू."

हॉलोवे उठले आणि झाडाखाली जाऊन बसले.

पुरुष गेले, पण भीती कुठे गेली? दुल्सीने झगा घोट्यांवरून वर घेतला.

"बघ गं, लेनोरा. फार भीती वाटतेय मला."

लेनोराने गुडघे टेकून अंगठ्याने पाय दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग जोआन पुढे सरकली आणि तिनेही आपला झगा वर घेतला. तिच्यामागून तिच्या शेजारणीने. दोघींचेही घोटे सुजलेले होते.

"ठरलं का?" झाडाखालून हॉलोवेंनी विचारलं.

लेनोरा जोआनच्या पायांकडे वळली. आधी पाय बघायचे होते.