पोहता न येणाऱ्या चौघी

धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेल्या त्या वाडीत लेकराला दात यायच्या आधी पाणी कळतं, असं म्हातारीकोतारी अभिमानानं सांगायची. हे लेकरू म्हणजे मुलगा. तो सहा-सात वर्षांचा झाला की बाप त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्याला पाण्यात ढकलायचा. मुलगी त्याच काठावर धुणं बडवायची, कळश्या भरायची आणि घोट्याच्या वर भिजली की शिव्या खायची.

वैशाखातल्या त्या सकाळी अंकिता भाकरी थापत होती. तिची तेरा वर्षांची आरोही ओल्या कपड्यांनिशी दारात येऊन उभी राहिली. ओसरीवर बसलेल्या सासूबाईंनी, बजाबाईंनी, तिला दंडाला धरलं.

"कुटं गेलतीस गं?"

"पवायला. अमृतकाकानं हात मारायला शिकवलं."

बजाबाईंनी फाडकन मुस्काटात दिली. "घोडी झालीस की! अंगाला चिकटल्याली कापडं घिऊन गावातनं आलीस? उद्या कोन करंल तुला?"

अंकिता तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. "आत्या, तिला शिकू द्या. आता आठवीला पलीकडच्या शाळंत जायचंय. रोज लाँचमदी बसायचं."

"आमी जल्मभर बसलो. आमी मेलो का?"

अंकितानं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. घरात तिची जाऊ रेश्मा नवी साडी नेसत होती. तिच्या मामेबहिणीचा पलीकडच्या गावात साखरपुडा होता. सडकेनं जायचं तर धरणाला मोठा वळसा, लाँचनं गेलं की भाजी शिजायच्या आत माणूस पलीकडे. म्हणून सगळी वाडी लाँचनंच जायची. रेश्मानं आरोहीला जवळ घेतलं, पदरानं तिचे केस पुसले आणि हळूच म्हणाली, "मला बी शिकायचं हुतं गं. माज्या आईनं तरी कुटं शिकू दिलं."

अंकिता रेश्माला पोचवायला धक्क्यावर गेली. लाँचवाल्या महिपतीकडे सरकारनं दिलेली, पाण्यात तरंगवणारी जाकिटं होती. माणसं त्यांचा बसायला उपयोग करायची. रेश्मानं एक उचललं आणि भरजरी साडीवर चढवलं. बाकावरचे बाप्ये खो खो हसले.

तिचा नवरा अमृत ओशाळला. "काढ ते. बुजगावनं दिसतीस."

रेश्मानं जाकीट काढलं, घडी घालून बुडाखाली घेतलं, आणि अंकिताकडे बघून हात हलवला.

दुपार कलली तसा वारा सुटला. आधी केळीच्या बागा झोडपल्या, मग सगळं पाणीच उठून उभं राहिलं. माणूसभर लाटा काठावर आदळू लागल्या. धक्क्यावर जमलेल्या लोकांनी परतीची लाँच मध्यावर पाहिली. ती एकदा डावीकडे कलली, सावरली, पुन्हा कलली, आणि मग तिचा निळा तळ तेवढा वर दिसला.

काही वेळानं पुरुष काठाला लागू लागले. महिपती आला. दोघे म्हातारे आले. तिसरीतला एक पोरगा हातपाय मारत, रडत, पण आपल्या बळावर आला. सगळ्यात शेवटी अमृत आला. तो पुन्हा पुन्हा मागं वळत होता, बुडी मारत होता. शेवटी लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

लाँचमध्ये चार बायका होत्या. त्यातली एकही आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाहेर काढलं. रेश्माच्या नव्या साडीचा पायांना असा पीळ बसला होता की अंकिताला ती फाडून सोडवावी लागली.

दिवसकार्य झालं आणि मारुतीच्या देवळात गाव बसलं. अंकिताचे सासरे मानसिंग मधोमध होते. कोणी वाऱ्याला दोष दिला, कोणी महिपतीला, कोणी नशिबाला. मग ठराव झाला: इथून पुढं बायकापोरींनी लाँचमध्ये पाय ठेवायचा नाही.

बाहेर बायकांत बसलेल्या अंकिताच्या कानांवर विश्वास बसेना. ती उठून देवळाच्या पायरीशी गेली.

"मामा, एक इचारते. वारा समद्यांना सारकाच हुता न्हवं? मग तिसरीतलं पोरगं आलं आन् चौगी बाया का आल्या न्हाईत?"

मानसिंगांनी मान दुसरीकडं वळवली.

"त्यास्नी पवता येत नव्हतं," तीच म्हणाली. "तुमी येऊ दिलं न्हाई. आन् आता म्हंता बायांनी बसायचं न्हाई. मंग साळंला कुटनं जायचं? दवाखान्यात कुटनं?"

"सूनबाई, घरात जा," मानसिंग म्हणाले.

कोपऱ्यात बसलेल्या अमृतनं त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. तो उभा राहिला. "वैनी खरं बोलती. रेश्मानं जाकीट घातलं हुतं. म्याच काढाय लावलं. लोक हसले म्हनून."

"बस खाली. डोकं ठिकान्यावर न्हाई त्याचं," कोणीतरी म्हणालं, आणि बैठक मोडली.

घरी आल्यावर अंकिताचा नवरा उदयसिंह चप्पल काढता काढताच म्हणाला, "आरूची साळा बंद. नातेपुत्याकडं माज्या मामाच्या वळकीचं स्थळ हाय. दोन वरसं घरात ऱ्हाईल, मग उरकून टाकू."

"तेरा वरसांची हाय ती."

"मग बुडू द्यायची का?"

अंकिताला रडूही येईना. पोरीला पाण्यापासून वाचवायचं म्हणून तिला संसारात लोटायचं, आणि यालाच हा माणूस माया समजतो! ती भिंतीशीच बोलत आली होती. आता बोलण्यात अर्थ नव्हता.

सकाळी तिनं लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला आवळली, आरोहीचा हात धरला आणि उजेडात, भर वस्तीतून, काठावर गेली. मागं माणसं गोळा झाली. मोबाइल वर झाले. बजाबाई ऊर बडवत आल्या. "अगं, लाज हाय का न्हाई?"

उदयसिंहनं काठावरून दरडावलं, "भाईर ये! लोक हसाय लागलेत."

"हसू द्या," अंकिता म्हणाली.

कमरेपर्यंत पाणी आलं तशी ती थांबली. ह्याच पाण्यानं रेश्मा नेली होती. तिनं हात मारला, नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकत उभी राहिली. काठावर हशा पिकला. तिनं पुन्हा अंग टाकलं आणि पुन्हा बुडाली.

तेवढ्यात कोणीतरी धपकन पाण्यात उतरलं. तो अमृत होता. त्यानं आरोहीच्या पोटाखाली हात धरला आणि वहिनीला लांबूनच सांगू लागला, "दम धरा. मान वर. पाय मारा, पाय!"

तिसऱ्या खेपेला अंकिता दोन हात पुढं सरकली. फार नाही, दोनच हात.

काठावर, बुडालेल्या चौघींपैकी एकीची धाकटी लेक काकूचा पदर धरून उभी होती. ती म्हणाली, "काकू, मी जाऊ?"

काकूनं पाण्याकडं पाहिलं. मग शेजारी उभ्या बाप्यांकडं पाहिलं. पोरगी वर तोंड करून वाट बघत होती.