पुढच्या रांगेतलं हसू

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, पण माझ्याकडे गाणी मागू नका. बंगळुरातल्या बसवनगुडीच्या त्रिविक्रमनं मला आणलं ते लोकांचं हसणं साठवायला.

त्रिविक्रम हा गणेशोत्सवातल्या नाटकांचा हुकमी विनोदी नट. पंच्याण्णव साली घरोघर केबल आली, तशी त्यानं नोकरी सोडली, रंगमंचही सोडला आणि भाड्याच्या कॅमेऱ्यावर स्वतःची विनोदी मालिका काढली. लेखक तोच, निर्माता तोच, सतरंज्या उचलणाराही तोच! पण कॅमेरा काही हसत नाही हो. वाक्य टाकून हा सवयीनं थांबायचा आणि समोर शुकशुकाट. बिचारा कावराबावरा व्हायचा.

म्हणून एकदा त्यानं ओळखीची तीसेक माणसं हॉलमध्ये बसवली आणि भाग वाचून दाखवला. सगळे मला बघूनच अवघडले. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेली त्याची थोरली बहीण तुंगाबाई, म्हणजे आमच्या अक्का, खदखदून हसल्या. मग काय, सगळ्यांनाच हसू आवरेना. ते मी टिपलं आणि तेच दर भागाला वाजू लागलं. लोक म्हणायचे, आम्ही अक्कांचं हसू ऐकायला टीव्ही लावतो. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

सत्त्याण्णवच्या श्रावणात अक्का चार दिवसांच्या तापानं गेल्या. मालिका मात्र थांबली नाही. दर रविवारी सकाळी दहाला त्या गल्लीतल्या घराघरांतून हसायच्या. बायका दचकून हातातलं काम टाकायच्या. मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली.

एका भागात एकटा राहणारा म्हातारा उप्पीट करतो आणि सवयीनं दोन बशा मांडतो, असा प्रसंग होता. अक्का असतानाच लिहिलेला. त्यावर त्यांचं हसू वाजलं. अर्ध्या तासात त्यांचे यजमान विश्वासराव दारात उभे.

"यावर ती हसली नसती, त्रिविक्रम," एवढंच ते म्हणाले.

"चुकलो, भावजी," म्हणत त्रिविक्रमनं त्यांचे पाय धरले. माझ्या पोटातली कॅसेट काढून त्यानं त्यांच्या हातात ठेवली.

पुढचा भाग हसण्याविना गेला. केबलवाल्या मंजुनाथनं कन्नडमध्ये स्पष्ट सांगितलं, "अण्णा, लोक तक्रार करतायत. पुढच्या रविवारपर्यंत हसू आणा, नाहीतर तुमची मालिका बंद."

पुन्हा माणसं जमली. मी नवी कॅसेट घेऊन तयार होतो. त्रिविक्रमनं विनोद वाचला आणि थांबला. कोणी हसेना. सगळे पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. त्यानं दुसरा वाचला, तिसरा वाचला. मी नुसती शांतता भरून घेत होतो.

तेव्हा माझ्या अगदी शेजारी बसलेले विश्वासराव हसले. जन्मात कधी मोठ्यानं न हसलेला तो माणूस तोंडावर पंचा धरून, खांदे गदगदा हलवत राहिला. लोकांना सुटल्यासारखं झालं आणि सगळा हॉल हसला. मालिका वाचली.

आता माझा पट्टा तुटलाय, मी माळ्यावर पडून आहे. माझी धूळ पुसा, असं म्हणणार नाही मी. मित्रांनो, एकच विनंती आहे. कुणी हसलं, की त्याच्या तोंडाकडेही बघत जा. पंच्याआडचं तोंड मला दिसलं नाही, तरी मला कळलं होतं. विश्वासराव त्या दिवशी रडत होते, आणि मी ते पुढे दोन वर्षं हसू म्हणून वाजवलं.