दोन खाचांचं टोपण

मी मार्कर बोलतोय. फळ्यावर लिहितात तो नव्हे. तो कारखान्यातूनच पोट भरून येतो आणि पोट रिकामं झालं की कचऱ्यात जातो. मी रिकामा जन्मलो. एक जाड पांढरी नळी, आत छोटी स्प्रिंग, पुढे घट्ट दाबलेल्या धाग्यांचं टोक आणि वर टोपण, एवढाच माझा संसार. आत काय भरायचं ते विकत घेणाऱ्याने ठरवायचं आणि संपलं की पुन्हा भरायचं.

मला डोळे नाहीत. जे काही कळतं ते टोकाने आणि कानाने. कान कुठे आहेत ते मलाही अजून सापडलेले नाहीत, पण ऐकू येतं खरं. म्हणूनच मला जन्मापासून एकच उत्सुकता आहे. आत्ता माझ्या पोटात कोणता रंग आहे? लोक एक रेघ ओढून बघतात आणि मोकळे होतात. माझ्याच रेघेचा रंग मला मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

माझ्यासारख्याच पाच भावंडांबरोबर मी एका माडीवरच्या खोलीत आलो. तिथे चामड्याचं काम चाले. पट्टे, पिशव्या, पाकिटं, पेट्यांची दुरुस्ती. काम करणारी माणसं दोन. एक भाऊ. सगळे त्याला भाऊच म्हणत, त्याची थोरली बहीणसुद्धा. आणि दुसरी ती बहीण, म्हणजे आक्का. कापणं, शिवणं, रंगवणं भाऊकडे. रंग कालवणं आणि आमच्या पोटात भरणं आक्काकडे.

मी येण्याआधी त्या खोलीत ब्रशांचं राज्य होतं. ब्रश मोठे लहरी. कधी मध्येच थेंब टपकवतील, कधी एखादा केस चिकटवून ठेवतील आणि वर साळसूदपणे मगात उभे राहतील. मी आल्यावर पट्ट्याची बारीक कड, टाक्यांलगतची रेघ, घासून पांढरा पडलेला कोपरा ही सगळी नाजूक कामं माझ्याकडे आली. टोक दाबलं की स्प्रिंग दबते आणि हवा तेवढाच रंग खाली उतरतो. ब्रशांचं तोंड वाकडं झालं असणार, पण मी म्हटल्याप्रमाणे मला दिसत नाही.

आमच्याकडे रंग दोन जातीचे. एक चामड्यात मुरणारा, दुसरा वर थर धरून बसणारा. भाऊचं प्रेम मुरणाऱ्यावर. तो एकदा आत गेला की परत निघत नाही.

आता मला ज्यांचं कोडं पडलं त्या गोष्टी सांगतो. आमच्या नळ्या ठरलेल्या रंगाच्या नव्हत्या. एक रंग संपला की आक्का आम्हाला स्पिरिटने धुवायची आणि लागेल तो रंग भरायची. टोपणं मात्र रंगाची होती. त्यांवर आक्काने चाकूने खाचा पाडल्या होत्या. दोन खाचा म्हणजे गडद तपकिरी. चार म्हणजे तांबडा, पाच म्हणजे हिरवा. निळ्याच्या टोपणाला एकही खाच नव्हती. निळ्यानेच काय घोडं मारलं होतं? आणि भाऊ मला उचलायचा तेव्हा आधी त्याचं बोट टोपणावरून फिरायचं. डोळे असलेल्या माणसाने चाचपून का बघावं?

पण तिसरी गोष्ट मला फार आवडायची. आक्का ड्रॉपरने माझ्यात रंग सोडायची आणि टोपण लावताना मोठ्याने म्हणायची, "हा गडद तपकिरी. दोन खाचा." दर वेळी, न चुकता. मला वाटायचं, या घरात निदान एक माणूस आहे ज्याला माझी उत्सुकता कळते. ती मला सांगते आहे, की बाबा रे, आज तू हा आहेस. त्या आवाजावर माझा भारी जीव होता.

आक्काची लेक दूर राहायची. तिचे दिवस भरत आले होते. फोनवर ती म्हणायची, "आई, तू आता इकडेच येऊन राहा ना." आणि आक्का म्हणायची, "भाऊला एकट्याला टाकून कशी येऊ गं?" मला नवल वाटायचं. भाऊ चांगला धडधाकट माणूस. स्वतःचा स्वयंपाक करायचा, जिने चढायचा, आरी अशी चालवायचा की टाका टाक्याला चिकटून यावा. त्याला कसली सोबत लागत होती?

त्याच सुमारास व्हायोलिनच्या बाई आल्या. त्या गल्लीच्या टोकाला व्हायोलिन शिकवायच्या. बोलण्यावरून कळलं की त्यांच्या हातात व्हायोलिनची जुनी पेटी होती, वरून तपकिरी चामडं मढवलेली. कोपरे उडालेले, झाकणाचा रंग गेलेला.

"ही यांची पेटी," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर कपाटात पडून होती. आता मीच वापरायचं म्हणते. सगळीकडे रंग भरा, पण मुठीजवळची ही जागा तेवढी सोडा. त्यांचा अंगठा इथे असायचा."

"सोडतो," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आम्हा सगळ्यांना धुऊन भरत होती. टोपणं एका वाडग्यात काढून ठेवली होती. तेवढ्यात जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, वेळेच्या आधीच. आक्काने एका हाताने फोन कानाला धरला, दुसऱ्या हाताने आमच्यावर टोपणं बसवली, आणि "निघालेच, निघालेच" म्हणत पिशवी भरायला धावली.

त्या दिवशी तिने माझं नाव सांगितलंच नाही. मी वाट बघत राहिलो. टोपणावर दोन खाचा आहेत एवढं मला जाणवलं, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की मी गडद तपकिरी असणार.

भाऊने मला उचललं, खाचा चाचपल्या आणि कामाला लागला. आधी चामड्याच्या तुकड्यावर एक रेघ ओढली, ती पेटीशेजारी धरून पाहिली. "जुळला," स्वतःशीच म्हणाला. मग कोपरे भरले, झाकण भरलं. मुठीजवळ आलो तेव्हा त्याचा हात मंदावला. झिजलेल्या जागेच्या काठाकाठाने त्याने मला असं फिरवलं की माझं टोक एकदाही आत गेलं नाही. इतकं नाजूक काम मी कधी केलं नव्हतं. माझी छाती अभिमानाने फुगली होती, म्हणजे फुगण्याजोगी असती तर.

चार-पाच दिवसांनी बाई पेटी न्यायला आल्या.

"भाऊ, हे काय केलंत?"

"का? काय झालं?"

"पेटी हिरवी झाली आहे."

म्हणजे मी हिरवा होतो. माझ्या मनात आधी तेवढंच आलं, खोटं कशाला बोलू? लाज मागून वाटली.

"कुठे?" भाऊने विचारलं.

बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. "कुठे म्हणजे? कोपऱ्यांवर, झाकणावर. आंधळ्यालाही दिसेल."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. भाऊ खाली बसला होता.

"मला नाही दिसत, बाई. तांबडा, हिरवा, तपकिरी, तिन्ही मला सारखेच. निळा दिसतो, पिवळा दिसतो. आक्का रंग भरते आणि नाव सांगते, म्हणून आमचं चालतं. तरुणपणी एका दुकानात हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी माझी आरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, येऊ नका. तेव्हापासून बाहेर कुणाला सांगितलं नाही."

मला एकदम सगळं उलगडलं. चाचपणारं बोट, निळ्याचं कोरं टोपण, आक्काचं न जाणं. आणि इतकी वर्षं ती रंगाचं नाव मला सांगत नव्हतीच. ती भाऊला सांगत होती. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग लक्षात आलं की या खोलीत मी एकटाच नव्हतो. रंग न कळणारा आणखी एक जण मला रोज हातात धरत होता.

"मग आक्कांना बोलावून घ्या," बाई रागातच म्हणाल्या.

"बोलावलं तर उद्या येईल. आणि मग परत कधीच जाणार नाही. तिची नात चार दिवसांची आहे, बाई."

बाईंनी पेटी उचलली. मला वाटलं, चालल्या. पण मूठ धरल्यावर त्या थांबल्या. पेटी पुन्हा टेबलावर टेकली.

"ही जागा सोडलीत मात्र नेमकी. कुठपर्यंत सोडायची ते कसं कळलं?"

"तिथे चामडं गुळगुळीत झालंय. झीज मला दिसते. रंगच तेवढा दिसत नाही."

बाईंनी दुसरं स्टूल ओढलं. "पुसून निघेल का हे?"

"नाही, मुरलाय. पण हिरव्यावर पातळ तांबडा चढवत गेलं की तपकिरी होतो. आक्का असंच करते. फक्त कधी थांबायचं ते कुणीतरी सांगायला हवं."

"ते मला जमेल," बाई म्हणाल्या. "तार सुरात लावताना रोज दुसरं काय करते मी?"

आधी तांबडा कोण ते शोधायचं होतं, कारण आता कोणत्याच टोपणाची खात्री नव्हती. भाऊने आम्हा सगळ्यांच्या रेघा एका तुकड्यावर ओढल्या. बाई नाव सांगत गेल्या. "हा काळा. हा फिका तपकिरी. हा तांबडा." प्रत्येक नावाबरोबर भाऊने चाकू घेतला आणि खाचा टोपणावर न पाडता नळीच्या अंगावर पाडल्या. माझ्या अंगावर पाच पडल्या. दुखलं नाही. उलट पहिल्यांदाच कुणी माझं नाव माझ्यावर लिहीत होतं.

मग तांबड्यात थोडं स्पिरिट घालून तो पातळ केला आणि काम सुरू झालं. ते माझ्या भावाचं काम, मी स्टँडमधून नुसतं ऐकलं.

"अजून," बाई म्हणायच्या. "अजून. जरासा अजून. थांबा."

भाऊ थांबायचा, सुकू द्यायचा, पुढच्या कोपऱ्याकडे वळायचा. दुपार कधी सरली ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा जरा गडद झालाय. पण तपकिरी आहे. चालेल मला."

जाताना दाराशी त्या म्हणाल्या, "रंगाचं काही अडलं तर हाक मारा. सकाळच्या शिकवण्या संपल्या की मी रिकामीच असते."

संध्याकाळी आक्काचा फोन आला. "बाईंची पेटी दिलीस का? मी परवा निघतेय."

"निघू नकोस," भाऊ म्हणाला. "राहा तिथेच." आणि त्याने सगळं सांगितलं.

आक्का म्हणाली, "टोपणं मीच चुकवली ना?"

"चुकवलीस. आता टोपणांवर भिस्तच नाही. खाचा अंगावर पाडल्यात."

"आणि बाईंना सांगितलंस? स्वतःहून?"

"सांगितलं."

पलीकडे आक्का रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "ऐक, पोरगी बघ कशी ओरडतेय." आणि तिने फोन नातीच्या तोंडाशी धरला.

आक्का तिकडेच राहिली. आता भाऊ गिऱ्हाइकाला आधी बसवतो आणि सरळ सांगतो. काही जण उठून जातात. बरेचसे बसतात, आणि "अजून, अजून, थांबा" म्हणायला त्यांना मजा वाटते, असं मला त्यांच्या आवाजावरून वाटतं.

माझं टोक एकदा उपसून उलटं बसवून झालंय, दुसरी बाजूही आता विसकटू लागली आहे. अंगावर खाचा असल्यामुळे मी आता कायमचा हिरवाच राहणार. तरी माझी खोड गेलेली नाही. कधी या खोलीत आलात तर मला उचला, चामड्याच्या तुकड्यावर एक रेघ ओढा आणि तिचा रंग मोठ्याने सांगा. मनातल्या मनात नको. इथे ऐकणारे दोघे आहेत.