फोटोचे सहा हजार

मोहाडीच्या संजीवला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. कोसा साड्यांच्या दुकानाची वेबसाइट करायची म्हणून भंडाऱ्याच्या अश्विनने त्याला खर्चाचा कागद दिला होता. बनवायचे बारा हजार, इंटरनेटवरच्या नावाचं आणि जागेचं वर्षाचं भाडं चार, फोटो आणि मॉडेलचे सहा. संजीवकडे होते सोळा, आणि तेही खरं तर सुतासाठी ठेवलेले. घरात तयार साडी एकच उरली होती, करवती काठाची. ती विकली गेली तरच आता सूत येणार होतं. नाहीतर तीस वर्षांपासूनचा घरचा विणकर डोमा सोमवारपासून जवाहरनगरच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाणार होता. तसं त्याने तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

संजीवने कागद दहादा उलटापालटा केला आणि शेवटी फोटोची ओळ खोडली. बायको घरात असताना मॉडेल भाड्याने कशाला? रुचिकाला ती साडी नेसवली, अश्विनने मोबाइलवर फोटो काढले, आणि सहा हजार वाचले म्हणून हा गडी दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

वेबसाइट सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका बाईंनी तीच साडी मागितली. मुलीच्या लग्नासाठी, तेव्हा कोरी हवी. ‘कोरी’ या शब्दावर संजीव अडला. घडी मोडलेली साडी या घरातून कधी विकली गेली नव्हती. जन्म साड्यांत गेला, आणि एवढी गोष्ट सहा हजारांच्या नादात डोक्यातून साफ गेली होती.

रुचिकाने साडी इस्त्री करून पुन्हा जुन्याच घडीवर बसवली होती. कोणाच्या बापाला कळलं नसतं. संजीव दारापर्यंत गेला, परत आला; खोकं बांधलं, सोडलं; चारदा उत्तर लिहून चारदा पुसलं.

“पाठवून द्या जी,” रुचिका म्हणाली. “सहा वर्सांत एकदा अंगाले लागली, मले तेवढं पुरे.”

लग्नाला सहा वर्षं झाली आणि घरच्या मागावरची एक साडी आपण हिला दिली नाही, हे तोवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने बाईंना खरं ते लिहिलं: या साडीची घडी मोडली आहे, दुसरी विणून देतो, महिना लागेल, सुतापुरते पैसे आधी द्यावे लागतील. उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी डोमा जेवणाचा डबा घेऊन आला तो निरोप घ्यायलाच. संजीवला त्याच्याकडे बघवेना. झालं ते सगळं सांगून त्याने मोबाइल पुढे केला. डोमाने फोटो पाहिला, बोटाने मोठा करून काठ पाहिला, मग पुन्हा सगळा फोटो पाहिला.

“तीस वर्सं झाले विणून राहिलो, संजूभाऊ,” तो म्हणाला. “माह्या हातची साडी कोणी नेसलेली आजच पाह्यली.”

मग जरा अडखळत त्याने विचारलं, सूनबाई एकदा नेसून दाखवतील का. रुचिका साडी घेऊन आत गेली. ठेकेदाराची गाडी साडेआठला चौकातून सुटायची. डोमाने भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ वाजलेले पाहिले, डबा बाजूला ठेवला आणि रिकाम्या मागाशी बसून घेतलं.