उजवी वाटी

ते साल १९८३. इटलीतल्या पिआवे नदीकाठच्या त्या गावात सायकलीची चौकट करून घ्यायची म्हणजे एर्मेस फावारोकडेच, हे ठरलेलं. नळ्या कापायच्या, जोडायच्या, पायडलचा दांडा जिथे बसतो त्या खालच्या आडव्या नळीत आटे पाडायचे, हे सगळं तो एकट्याने करी. रंग मात्र त्याची बायको ओत्ताविया देई.

एर्मेसचे आटे इटालियन, म्हणजे दांड्याचे छर्रे धरणाऱ्या वाट्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेने आवळायच्या. त्याचे वडील तसेच पाडत, आणि आसपासचे सगळे कारागीरही. त्यात एक खोड होती. पायडल मारता मारता उजवीकडची वाटी हळूहळू सुटायला बघते. म्हणून शर्यतीच्या सकाळी ती आवळायची, हा तिथला रिवाज. इंग्रजी आट्यांत उजवी वाटी उलट्या दिशेने बसते आणि चालवताना आपोआप घट्ट होत जाते. पण इंग्रजी आटे परदेशी गिऱ्हाइकांसाठी. घरच्या सायकलीला ते कोण लावणार?

चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा एलवियो मोन्तेल्लो टेकडीच्या चढावर गेला. उभा राहून जोर लावत होता, उजवी वाटी सुटली, साखळी पडली आणि तो समोरून येणाऱ्या ट्रकखाली सापडला. त्या आठवड्यात बापलेकांचं बोलणं बंद होतं, आणि त्या सकाळी एर्मेसने वाटी आवळली नव्हती.

तेव्हापासून एर्मेसच्या कोटाच्या खिशात पाना असे. क्रँक, म्हणजे पायडलचे हात, न काढता दातेरी चकतीमागे सरकवता यावा म्हणून घासून घासून पातळ केलेला. रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडला की चर्चच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलींजवळ तो बसे आणि एकेकीची उजवी वाटी आवळी. सायकल कुणाची, हे बघत नसे. लोक त्याला आवळू देत. बारवाला जिजिओ म्हणायचा, "आत पाद्री पापं ऐकतो, बाहेर तू वाट्या. तुझ्याकडे रांग मोठी आहे."

ओत्तावियाचं दुखणं वेगळं होतं. एलवियोची सायकल कारखान्याच्या भिंतीवर टांगलेली होती. दुपारी जेवणं झाली, दारं ओढली, गाव निजलं की तिकडून आवाज येई. कट्. थोडं थांबून पुन्हा, कट्. सैल वाटी प्रत्येक फेरीला करते तसा. ती दार उघडून बघे. सायकल स्थिर असे. पायडलवरची धूळही हललेली नसे. तिने हे कुणाला सांगितलं नाही. एर्मेसही दुपारचा डोळे मिटून जागाच असतो, हे तिला ठाऊक होतं.

त्या वसंतात धाकट्या मुलीला, मिरेल्लाला, शर्यतीसाठी नवी सायकल हवी होती. क्रँकचं तिने लगेच सांगितलं, जुन्या सायकलीवर होते तेवढ्याच लांबीचे. अडलं ते आट्यांपाशी.

"इंग्रजी पाडा, पप्पा," ती म्हणाली. "माझी सायकल रोज कुणी आवळायला नको."

एर्मेसने कानस खाली ठेवली. "म्हणजे आजवर मी चुकीचेच पाडले."

ओत्तावियाच मध्ये पडून म्हणाली, "एर्मेस, मला एकच मूल उरलंय. ती म्हणते तसे पाड."

त्याने पाडले. ओत्तावियाने चौकट फिक्या निळ्या रंगाने रंगवली, आणि खालच्या नळीवर, उजव्या वाटीजवळ, बारीक कुंचल्याने एक पांढरा बाण काढला. आवळायची दिशा. एर्मेसला तिथे हसू आलं. "मला शिकवतेस?"

शर्यतीच्या सकाळी मिरेल्ला सायकलवरूनच पुढे गेली. एर्मेस स्वयंपाकघरात आला, कॉफी ओतून घेतली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. म्हणाला, "बरं झालं हात लावला. ती दूध पीत होती तेवढ्यात बघून घेतलं. उजवी वाटी सैल होती. चांगली पाव फेरी गेली."

ओत्तावियाने विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवलीस?"

त्याने हवेत हात फिरवून दाखवला. आयुष्यभर फिरवला तसाच, उजवीकडे. अर्ध्यावर तो हात थांबला आणि तसाच राहिला.

व्हॅन काढून ते पोहोचले तेव्हा मुली सुटल्या होत्या. शर्यत मोन्तेल्लोवरूनच जायची होती. आडवाटेने ते चढावर येऊन उभे राहिले, एलवियो गेला त्याच वळणाशी. खालून आवाज आला. कट्. कट्. ओत्तावियाने नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही ऐकू येत होतं. मिरेल्ला वळणातून वर आली ती पायडलवर उभी राहूनच. एर्मेस रस्त्यात धावला, हात पसरून "थांब, थांब" म्हणत राहिला. दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती. तिला वाटलं, बाप जोर दे म्हणतोय. तिने आणखी जोर दिला आणि त्याच्या कोपराला घासून वर निघून गेली. ती समोरून गेली तेव्हा कसलाच आवाज नव्हता. साखळीची सळसळ तेवढी.

ती नववी आली. एर्मेसने सायकल उलटी केली, पाना लावला, आणि या वेळी बाणाच्या दिशेने अंगातला सगळा जोर लावला. वाटी तसूभरही हलली नाही.

तो रस्त्याच्या कडेला बसला. "मी सोडली होती. मग आवळली कुणी?"

"मीच, पायांनी," मिरेल्ला घाम पुसत म्हणाली. "म्हणून तर हे आटे मागितले, पप्पा."

ती बरोबरच बोलत होती. तरी वळणाखालचा तो आवाज दोघांनीही ऐकला होता.

त्यानंतर एर्मेसने पाना बरोबर नेला नाही. इंग्रजीखेरीज दुसरे आटेही पाडले नाहीत. इतर कारागीर त्याला 'इंग्रज' म्हणून चिडवत. १९९६ च्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. मिरेल्ला आणखी काही वर्षं शर्यतींत उतरली, मग लग्न करून पादोव्हाला गेली. तिच्या मुलींना सायकलीची आवड नाही. जिजिओचा बार त्याच्या पुतण्याने विकला.

ओत्ताविया अजून त्याच घरात असते. पाना तिच्या स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांबरोबर पडलेला आहे. एलवियोची सायकल भिंतीवरच आहे. तिची उजवी वाटी कुणी तपासली नाही. त्या शर्यतीनंतर दुपारचा आवाज बंद झाला. जेवणं आटोपली की ओत्ताविया अजून दार किलकिलं ठेवते, आणि बराच वेळ खुर्चीत ऐकत बसते.